पडद्यावर मोरपंखी, हातात निळी

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शोळिंगनल्लूर लागते. एकेकाळी हे शहराबाहेरचे गाव होते. आता तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि उंच निवासी संकुले आहेत. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र. २०११ साली हा भाग चेन्नई महापालिकेत आला, पण शोळिंगनल्लूर तालुका २०१८ पर्यंत कांचीपुरम जिल्ह्यातच मोडत होता. ज्या गावच्या साड्यांचे नाव महाराष्ट्रात प्रत्येक लग्नघरी निघते, ते कांचीपुरम येथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर.

त्यामुळे पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी येथे आलेल्या मराठी जोडप्याला घरून एक निरोप हमखास येतो. धाकट्या नणंदेचे लग्न ठरले आहे, तिकडची कांजीवरम पाहून ठेवा. मग सुट्टीच्या दिवशी कांचीपुरमची फेरी होते, दहा-बारा साड्यांची छायाचित्रे काढली जातात. घरी आल्यावर नवरा किंवा बायको संगणकापुढे बसून ती जरा 'नीट' करते. दुकानातल्या दिव्याचा पिवळेपणा काढायचा, काळोख कमी करायचा, रंग डोळ्यांना आठवतो तसा आणायचा. छायाचित्रे पुण्याला जातात. सासूबाई आणि आत्या एक पसंत करतात. साडी कुरियरने पोहोचते आणि फोन येतो, "अगं, आम्ही मोरपंखी सांगितली होती. ही तर सरळ निळी आहे!"

यात खोटे कोणीच बोलत नाही. सुनेने जी साडी पाहिली तीच पाठवली. सासूबाईंनी जो रंग पाहिला तोच मागितला. दुकानदाराचा तर काहीच दोष नाही. मध्ये दोन पडदे होते, एक शोळिंगनल्लूरच्या टेबलावरचा आणि एक पुण्यात हातातला, आणि त्या दोघांचे आपापसात जमत नव्हते. कापून फॉल-पिको केलेली, ब्लाउज शिवायला टाकलेली रेशमी साडी कोणी परत घेत नाही. शिवाय लग्नघरातला रुसवा ही काही किरकोळ बाब नव्हे.

तिखट दोन चमचे

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक बारीक ठिपक्यात तीन दिवे असतात, लाल, हिरवा आणि निळा. छायाचित्राच्या फाइलमध्ये रंग साठवलेला नसतो, आकडे साठवलेले असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी ० ते २५५. तीन आकड्यांच्या मेळातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा होतात, असे जाहिरातीत मोठ्या दिमाखाने सांगितले जाते. तो हिशेब बरोबर आहे. पण आकडा ही केवळ सूचना आहे. तिचा रंग कसा करायचा हे ज्या त्या पडद्याच्या हाती.

पाककृतीत 'तिखट दोन चमचे' लिहिलेले असते. एकीच्या डब्यात ब्याडगी असते, दुसरीच्या डब्यात लवंगी. चमचाही एकीचा चहाचा, एकीचा पोह्यांचा. दोघींनी पाककृती तंतोतंत पाळली तरी आमटी एकसारखी कशी होणार? पडद्यांचे तेच आहे. कारखान्यातून निघताना मॉनिटर बहुधा भरपूर उजळ आणि किंचित निळसर ठेवलेला असतो, कारण दुकानात दहा मॉनिटर शेजारी लावले की गिऱ्हाईक सर्वांत झगझगीत मॉनिटरकडे वळते. स्वस्त लॅपटॉपचा पडदा गडद लाल आणि हिरवा पूर्ण दाखवूच शकत नाही. काही पडद्यांवर मान जरा खाली-वर केली तरी छटा बदलते. वापरून जुना झालेला पडदा मंद होतो, तोही इतका हळूहळू की घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय म्हणजे मॉनिटरचे कॅलिब्रेशन. नाव जड आहे, काम सोपे आहे. आधी चमचा ठरवायचा, म्हणजे पडद्याची उजळता, पांढऱ्याची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण ठरावीक मापावर आणायची. मग डब्यातले तिखट किती जहाल आहे याची चिठ्ठी लिहून ठेवायची, म्हणजे हा पडदा लाल किती आणि निळा किती दाखवतो ते मोजून संगणकाला सांगायचे. या चिठ्ठीला प्रोफाइल म्हणतात. छायाचित्र सुधारण्याचे चांगले सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचून सूचना कमी-जास्त करते.

रंग मोजायचा तर आधी माणसाचा डोळा मोजायला हवा. ते काम १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळे केले. राइट यांनी दहा आणि गिल्ड यांनी सात माणसांना यंत्रापुढे बसवून रंग जुळवायला लावले. त्या सतरा जणांच्या डोळ्यांवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि आजही जगभरचे पडदे त्याच पायावर मोजले जातात. पुढे संगणक आले. मग १९९३ साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन प्रोफाइलची भाषा ठरवली. १९९६ साली ह्यूलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सर्वसाधारण पडद्यासाठी एसआरजीबी हे माप सुचवले. घरगुती कामाला आजही हेच माप पुरते.

त्याच सुमारास, १९३३ साली, व्ही. शांताराम यांच्या 'सैरंध्री'च्या वाट्याला जे आले ते या संदर्भात सांगण्यासारखे आहे. प्रभात कंपनीने हा चित्रपट रंगीत करायचा म्हणून जर्मनीत नेला. रंगीत प्रती तेथे निघाल्या, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. चित्रण एकीकडे, रंग दुसरीकडे आणि मध्ये दोघांना मान्य असे माप नाही! लग्नाच्या अल्बमचे आज घरोघरी हेच होते, फक्त नुकसान लहान असते.

साडीच्या दुकानाचा दरवाजा

खरे तर हे सारे शास्त्र आपल्याकडच्या बायकांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली जांभळी दिसलेली साडी जाणती बाई लगेच घेत नाही. ती घडी उचलून दरवाजाशी नेते, उन्हाच्या उजेडात पदर उलगडते, आणि मगच "ही वांगी रंगाची आहे, मला आमसुली हवी" असे सांगते. दिवा बदलला की रंग बदलतो, आणि कोणता उजेड खरा मानायचा हे आधी ठरवावे लागते, एवढेच ते तत्त्व. पडद्याच्या मापातही दिवसाचा उजेड पायाभूत धरलेला आहे. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ६५०० हा आकडा दिसतो तो त्याचाच. त्याहून आकडा वाढला की पांढरा निळसर होतो, कमी झाला की पिवळसर.

तेव्हा काम मॉनिटरपासून नव्हे, खोलीपासून सुरू करावे. शोळिंगनल्लूरच्या सदनिकांतून सकाळी समुद्राकडून ऊन थेट आत येते. पडद्यावर ऊन किंवा खिडकीचे प्रतिबिंब असेल तर कोणतेही कॅलिब्रेशन फुकट आहे. टेबल असे ठेवावे की खिडकी पडद्याच्या समोरही नको आणि मागेही नको, बाजूला असावी. पडदे ओढून पांढऱ्या प्रकाशाचा एक दिवा लावावा आणि काम नेहमी त्याच उजेडात करावे. पाठीमागची भिंत भडक नारिंगी असेल तर तिची झाक पडद्यावर येते. अंगातला लालभडक कुडतासुद्धा काचेत उमटतो. छपाईच्या धंद्यातले जुने लोक रंग तपासताना राखाडी किंवा काळे कपडे घालतात तो काही शिष्टपणा नव्हे.

मग मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यावा. डोळ्यांना आराम म्हणून रात्री पडदा पिवळा करणारी 'नाइट लाइट'ची सोय बंद करावी. 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक' अशी झगमगीत नावे असलेले प्रकारही बंद. मॉनिटरच्या यादीत एसआरजीबी असेल तर तो निवडावा. नसेल तर रंगाचे तापमान ६५०० किंवा 'वॉर्म' ठेवावे. विंडोजमध्ये आणि अॅपलच्या संगणकात पडदा डोळ्यांनी जुळवण्याची सोय आयतीच असते. शोधखिडकीत 'कॅलिब्रेट' हा शब्द टाकला की ती सापडते. पट्ट्या आणि ठिपके दाखवून ती एकेक प्रश्न विचारत जाते, घाई न करता उत्तरे द्यावीत.

सर्वांत मोठा फरक उजळतेने पडतो. ही एकच गोष्ट नीट केली तरी निम्मे दुखणे जाते. घरगुती मॉनिटर पूर्ण उजळतेला २५० ते ३०० निट्सपर्यंत जातो. छापण्यासाठी छायाचित्र सुधारताना १०० ते १२० निट्स पुरे असतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मॉनिटर फार उजळ असला की चेहरा जास्त गोरा, आकाश जास्त पांढरे दिसते, म्हणून माणूस छायाचित्र गडद करतो. तेच स्टुडिओतून छापून आले की काळेकुट्ट! दोष मात्र स्टुडिओवाल्याच्या यंत्राला दिला जातो. उजळता किती असावी याची साधी खूण अशी. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि शेजारी त्याच दिव्याच्या उजेडात पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा पेटलेला दिसत असेल तर कमी करावा, मळकट दिसत असेल तर वाढवावा. दोन्ही शेजारी-शेजारी कागदासारखे वाटू लागले की थांबावे. पहिले दोन दिवस पडदा अंधारा वाटेल. डोळ्यांना सवय झाली की वाटत नाही.

डोळ्यांच्या या सवयीत एक मेख आहे. आपला डोळा पक्का मापारी नाही, तो तडजोड करतो. पिवळ्या दिव्याखालचा कागदही तो थोड्या वेळाने पांढराच मानू लागतो. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या एका लग्नासाठी घेतलेल्या झग्याचे छायाचित्र जगभर फिरले. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी, आणि एकाच सोफ्यावर बसून एकच पडदा पाहणारे नवरा-बायको वाद घालत. झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता. त्या भांडणात पडद्याचा दोष नव्हता, प्रत्येकाच्या मेंदूने उजेडाचा अंदाज वेगळा बांधला होता.

म्हणूनच ज्यांचे पोट छायाचित्रांवर आहे ते डोळ्यांवर विसंबत नाहीत. कलरीमीटर नावाचे लिंबाएवढे उपकरण ते पडद्यावर टेकवून ठेवतात. सॉफ्टवेअर पडद्यावर एकापाठोपाठ एक रंगीत चौकोन दाखवते, उपकरण ते मोजते आणि काही मिनिटांत प्रोफाइल तयार होते. उपकरण स्वस्त नाही आणि महिन्यातून एकदाच लागते. तेव्हा एका संकुलातल्या चार-पाच हौशी मंडळींनी मिळून एक घेणे हेच शहाणपणाचे. मात्र जुन्या पद्धतीच्या उपकरणांतील रंगीत गाळण्या दमट हवेत वर्षागणिक उतरत जातात, आणि चेन्नईच्या किनाऱ्यावर दमटपणाला तोटा नाही. जुने उपकरण कोणी स्वस्तात देत असेल तर विचार करूनच घ्यावे, आणि नवे हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे.

जे कशानेच जुळत नाही

एवढे करूनही कांजीवरम हट्टीपणा करते. कोरवाई पद्धतीत काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांत विणून जोडलेले असतात. कॅमेऱ्याने अंगाचा रंग धरला की काठाचा सुटतो. धूपछाव साडीत, मग ती कांजीवरम असो की पैठणी, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. तिला एक रंग नाहीच, पाहणारी जागची हलली की रंग हलतो. जर तर प्रकाश परतवते. पडद्यावर ती पिवळी नाही तर तपकिरी होते, सोनेरी कधीच होत नाही. आणि मोरपंखी, चिंतामणी यांसारखे निळ्या-हिरव्याच्या मधले तेजस्वी रंग एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर जातात. पडदा त्यांना ओढूनताणून कुंपणाच्या कडेला आणतो, आणि मोरपंखी निळी दिसू लागते किंवा निळी मोरपंखी.

तमिळनाडूत एका निळ्याला तर गायिकेचे नाव आहे. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासाठी कांचीपुरमच्या मुत्तु चेट्टियार यांनी जी गडद निळी छटा काढली तिला लोक आजही 'एमएस ब्लू' म्हणतात. तिची छायाचित्रे दहा ठिकाणी पाहिली तर दहा निळे दिसतात. जुन्या फिल्मचा एक, मासिकातल्या छपाईचा एक, फोनवरचा आणखी एक. दुकानातले जाणते लोक मात्र कापड हातात घेऊन सांगतात.

तेव्हा लग्नाच्या साडीसाठी सरळ मार्ग असा की छायाचित्र काढताना साडीशेजारी एक पांढरा कागद ठेवावा आणि ते दरवाजाशी, थेट ऊन टाळून दिवसाच्या उजेडात काढावे. कागद पांढरा दिसेल इतपतच दुरुस्ती करावी, पुढे रंगाला हात लावू नये. फाइल एसआरजीबीत साठवावी, नाहीतर समोरच्या फोनवर ती विटकी दिसू शकते. पुण्याच्या मंडळींना फोनच्या पडद्याचा 'व्हिव्हिड' प्रकार बदलून 'नॅचरल' करायला सांगावे. आणि पसंती दोन साड्यांवर येऊन ठेपली की पदराच्या टोकाचे चार सुटे धागे दुकानदाराकडून मागून पाकिटात घालून पाठवावेत. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

चेहऱ्यांचे रंग

साडी एक वेळ बदलता येते. जुन्या छायाचित्रांची गोष्ट वेगळी. आजकाल घरोघरी आजी-आजोबांची छायाचित्रे स्कॅन करून 'नवी' करण्याची हौस आली आहे, आणि हौस चांगली आहे. १९७०-८०च्या दशकातल्या रंगीत प्रिंटांतला निळसर-हिरवा रंगद्रव आधी उडतो, म्हणून ती छायाचित्रे तांबूस होतात. ती सुधारताना पडदा निळसर असेल तर डोळ्याला तांबूसपणा कमी वाटतो, आणि दुरुस्ती अर्धवट राहते. पडदा पिवळा असेल तर उलट, आजोबा हिरवट होतात. त्यावरच 'सेव्ह' केले आणि मूळ प्रिंट वाळवीने खाल्ले की आजोबांचा तो हिरवटपणा कायमचा.

अशा कामात पांढरी वस्तू शोधून तिच्यावरून रंग बसवावा असे सांगतात. आपल्याकडे त्यासाठी हात धोतराकडे किंवा टोपीकडे जातो. पण ज्या पिढीने नीळ घातल्याशिवाय धोतर वाळत टाकले नाही, त्या पिढीचे पांढरे मुळातच निळसर असायचे! ते तंतोतंत पांढरे केले की चेहरा पिवळा पडतो. त्यापेक्षा पिकलेले केस, स्टीलचे भांडे, सिमेंटची फरशी यांवर भरवसा ठेवलेला बरा.

आणि चेहऱ्याचा वर्ण? येथे यंत्राचाही इतिहास फारसा निर्दोष नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड देई. शर्ली नावाच्या स्त्रीवरून त्याला 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. तिची त्वचा बरोबर उतरली की यंत्र बरोबर जुळले असे समजत. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे काय होते हे कार्डावर नव्हतेच. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे यायला १९९०चे दशक उजाडावे लागले. आपल्याकडे यंत्राच्या चुकीत माणसांच्या हौसेची भर पडते. स्थळासाठी पाठवायच्या छायाचित्रात मुलीला दोन छटा उजळ करणे अनेक घरांना अजूनही वावगे वाटत नाही. ही सवय सोडून द्यावी. नीट जुळवलेल्या पडद्यावर बसलेल्या माणसाला निदान आपण काय करतो आहोत ते स्पष्ट दिसते. सावळी आजी सावळीच दिसते, आणि तिच्या कपाळाचे कुंकू लाल दिसते, तपकिरी नव्हे.

म्हणून मूळ स्कॅनला हात न लावता त्याची प्रत करून त्यावर काम करावे. स्कॅन टिफ प्रकारात, निदान ३०० आणि जमल्यास ६०० ठिपक्यांच्या दर्जाचा असावा. छापण्याआधी स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढी एक नमुना प्रत काढून घ्यावी आणि खिडकीशी धरून पडद्याशी ताडून पाहावी. फरक दिसला तर स्टुडिओकडे त्यांच्या कागदाचे प्रोफाइल मागावे, चांगल्या प्रयोगशाळा ते देतात. नमुना प्रत घरातल्या सर्वांत वडील माणसालाही दाखवावी. त्या दिवशी आईने कोणते लुगडे नेसले होते, हिरवे की अंजिरी, हे पंचाहत्तरीच्या आत्याला अनेकदा लख्ख आठवते. ती सांगेल तो रंग, तिचे नाव आणि तारीख घालून फाइलसोबत लिहून ठेवावा.